नाना मेन काढून गेले

आमच्या वाडीत सकाळी आठाच्या सुमाराला तारेवर चालणारं सगळं एकदम थिजायचं. टीव्हीवरची बातम्या सांगणारी बाई तोंड अर्धं उघडं ठेवून तशीच राहायची. मच्छीमार सोसायटीतला कारकून माऊस टेबलावर आपटायचा. दुबईतल्या नवऱ्याशी बोलणाऱ्या बायका फोन हलवून बघायच्या, जणू नवरा आत कुठे अडकलाय. आणि मग कोणीतरी हमखास म्हणायचं, "नाना बाजारात गेलो."

सहा-सात सेकंदांत चित्र हलायला लागायचं. तासाभराने पुन्हा तोच प्रकार.

"इलो गो नाना. आज लवकर इलो, म्हावरा नसतला गावला."

कुणकेश्वराच्या अलीकडे खाडीकाठी दडून बसलेली आमची वाडी. इथे कोणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळतं, हे खरंच. पण एका म्हाताऱ्याच्या बाजारहाटाची दवंडी घराघरातल्या पडद्यावर पिटली जाते, असं ठिकाण दुसरं नसावं.

यात नानांचा दोष एवढाच की घराबाहेर पडताना ते विजेचा मेन स्विच खाली ओढायचे. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्यांचा टीव्ही जळाला, तेव्हापासून हा नेम. दाराला कडी घालण्याआधी मेन काढायचा. "घरात माणूस नाय तर करंट कोणाक होयो?" असं त्यांचं म्हणणं. आता या म्हणण्याला उत्तर काय देणार?

बाकीचा सगळा दोष रविराजचा. रविराज मिठबावकर म्हणजे आमचा केबलवाला रवी, नानांचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे इतका धाकटा की आईबाप गेले तेव्हा तो पाटी-पेन्सिलवर होता, आणि नाना-यशोदावहिनींनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. नाना रापणीवर जायचे. किनाऱ्यावरून जाळं ओढताना दोन रांगा दोन टोकांनी दोर खेचतात, मधे एक जण साद घालतो आणि त्या तालावर सगळे पाय मागे पडतात. नाना साद घालणारे. रवीने मात्र दोर सोडून वायर धरली. आधी डिश लावून वाडीला सिनेमे दाखवले, मग इंटरनेट आणलं.

या इंटरनेटच्या पेट्या असतात, त्यांनाही स्विचच म्हणतात. दिवा लावायचा तो नव्हे. चपटा डबा, पुढे वायरींची भोकं, प्रत्येक भोकाला डोळा मिचकावणारा हिरवा दिवा. रवीने असे पाच डबे वाडीभर बसवले. एक रस्त्यावरच्या त्याच्या ऑफिसात, एक शाळेत, एक स्वतःच्या घरी, एक डोंगरीवर नानांच्या माळ्यावर, आणि एक बंदरावरच्या सोसायटीत. सोसायटीतून वायर परत ऑफिसात आणून त्याने गोल पुरा केला. माडाची झावळ पडून वायर एका जागी तुटली, तरी गोलाच्या दुसऱ्या बाजूने सगळं चालू राहावं, हा हिशेब.

पण गोलाचा एक धोका असतो. सोडलेला निरोप त्यात फिरतच राहतो, एकाचे दहा होतात, दहाचे हजार, आणि शेवटी सगळं गुदमरतं. आमच्या वाडीतल्या बातमीसारखंच ते. म्हणून डब्यांना एक शिस्त लावावी लागते. रवी तिला रॅपिड स्पॅनिंग ट्री म्हणायचा. त्या शिस्तीत डबे आपसात ठरवून एकाला मुख्य करतात आणि गोलात एक जागा बंद ठेवतात. बंद म्हणजे मेलेली नव्हे. ती वायर जागी असते, कान देऊन असते, फक्त तिच्यावरून काही जात-येत नाही. दुसरीकडे तुटलं की ती पापणी लवायच्या आत उघडते.

मुख्य कोण, हे आकड्यावर ठरतं. ज्याचा आकडा लहान तो मोठा. माणसाने काहीच ठरवलं नाही तर सगळ्यांचा आकडा सारखा असतो, आणि मग सहसा जो डबा सगळ्यात जुना, त्याला मान मिळतो. देवळातल्या मानाच्या नारळासारखं. सगळ्यात जुना डबा नानांच्या माळ्यावरचा. तोच वाडीचा मुख्य झाला. त्यामुळे नानांनी मेन काढला की मुख्यच गायब, मग बाकीचे चार डबे घाबरून नवा मुख्य निवडणार. नाना परत आले की पुन्हा त्यांचा मान त्यांना देणार. तेवढ्यात वाडी दोनदा थिजणार.

हे बदलणं रवीच्या डाव्या हातचा मळ होता. ऑफिसातल्या डब्याचा आकडा लहान करायचा, झालं. दोन ओळी लिहायच्या. पण वर्षं गेली, त्या दोन ओळी काही तो लिहीना.

"पेटयेत पण मान नानांकच काय?" त्याची बायको सारिका विचारायची.

"जुनी पेटी आसा ती. आपसूक झाली."

"मगे बदल मा."

"बदलतंय गो."

खरी मेख अशी की भाऊ भावाशी बोलत नव्हता.

भांडण गणपतीवरून. रवीने रस्त्याकडेला नवं घर बांधलं, मुलगी तन्वी लहान होती, तिने हट्ट धरला आणि सारिकाने तो उचलला. रवीने नव्या घरात वेगळा गणपती आणला. मुंबईकडच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे एका रक्ताचा एक गणपती असतो. तो वेगळा करणं म्हणजे चुलीत पाणी ओतणं. नाना तेव्हा एवढंच म्हणाले, "गणपती वेगळो केलंस, मगे भाव कित्याक एक ठेवतंस?" त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं. वर्षभराने यशोदावहिनी गेल्या, तेव्हा दोघांनी शेजारी बसून दिवस केले, पण बोलले भटजींशी.

वाडीने तेव्हा पैजा लावल्या होत्या की नाना माळ्यावरचा डबा अंगणात भिरकावणार. त्यांनी भिरकावला नाही. रवीने मागायची सोय नव्हती, त्यांनी हलवायचं नाव काढलं नाही.

आणि रवीच्या फोनची गंमत अशी की कुठलाही डबा बंद पडला की फोन टुंग करायचा, चालू झाला की पुन्हा टुंग. डब्यांना त्याने नावं दिली होती. सकाळी आठाला चहा पिताना फोन वाजायचा: नाना डाऊन. रवी बशी खाली ठेवायचा. तासाभराने: नाना अप. मग तो उठून कामाला लागायचा. सारिकाने या दोन टुंगांमध्ये त्याला काही विचारलं तर तो हुं-हुं करायचा. भाऊ आज उशिरा निघाला, आज बंदरावर रेंगाळला, आज एकादशी म्हणून देवळात थांबला, हे सगळं त्याला कळायचं. इतकी खबर तर भावाशी बोलणारे भाऊही ठेवत नाहीत.

मागल्या थंडीत एका सकाळी टुंग आलंच नाही. आठ वाजून गेले, नऊ वाजले. रवीने न्याहारीचं ताट सरकवलं आणि नानांच्या शेजारच्या काशीबाईला फोन लावला.

"काशीबाय, वायच वर जाऊन बग गो."

"कित्याक? काय झाला?"

"काय नाय. तू आपली बग. आणि माजा नाव काडू नको."

नाना तापाने फणफणले होते. काशीबाईने पेज करून घातली. नानांनी विचारलं, तुला कसं कळलं? तर ती म्हणाली, माका सपान पडला. नाना पेज भुरकत म्हणाले, "तुज्या सपनाक फोन इलेलो काय गो रस्त्यावरसून?" म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मेन काढला की खाली कोणाच्या खिशात घंटा वाजते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तर असं हे चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण मधे आला देवेश.

देवेश म्हणजे शाळेशेजारच्या घरातला शिकलेला मुलगा. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने त्याची मुलाखत घरबसल्या पडद्यावर ठेवली. देवेशने शर्ट-टाय घातला, खाली हाफ पँट. साहेबाने विचारलं, तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती? देवेश तोंड उघडणार तोच नानांनी मेन काढला. साहेबाला सात सेकंद दिसला तो आ वासलेला देवेश. पुन्हा जोडणी झाली तेव्हा साहेब दुसऱ्या कोणाशी तरी हसून बोलत होते. नोकरी मिळाली नाही. ती मेनमुळे गेली की देवेशमुळे, यावर वाडीत अजून दोन पक्ष आहेत. पण देवेशची आई रस्त्यावरच्या ऑफिसात येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रवी, तुमच्या दोगांच्या अबोल्यापायी माज्या झिलान काय म्हणून भोगूचा?"

ती गेल्यावर रवीने संगणक पुढ्यात ओढला आणि त्या दोन ओळी लिहिल्या. ऑफिसचा डबा मुख्य झाला. पडद्यावर गोलाचं चित्र नव्याने उमटलं, बंद राहायची जागाही बदलली. मुख्यापासून सगळ्यात लांब पडलेली वायर बंद होते, हा नियम. ती नेमकी रवीचं घर आणि नानांचं घर यांच्यामधली निघाली. जागी, पण बंद. रवीने ते पाहिलं आणि खिडकी मिटवली.

एवढ्याने वाडी थिजायची थांबली असती. पण रवीला आता काम पुरं करायचं होतं. बाकीच्या चारही डब्यांना बॅटरी होती, नानांच्याच नव्हती. अबोल्यात वर जाऊन बसवणार कोण? नानांनी मेन काढला की गोल तुटलेला राहायचा, आणि तेवढ्या वेळात दुसरीकडे झावळ पडली तर अर्धी वाडी अंधारात. म्हणून, किंवा वर जायला एक निमित्त मिळालं म्हणून, श्रावणातल्या एका दुपारी तो बॅटरी खांद्यावर घेऊन डोंगरीच्या पायऱ्या चढला. नाना पडवीत खुर्चीवर. हा पायरीखाली. काशीबाई निवडायचे तांदूळ सुपात घेऊन नेमकी मधोमध येऊन उभी राहिली.

"काशीबाय, तेका इचार, कित्याक इलो," नाना म्हणाले.

"रे, कित्याक इलंस?" काशीबाईने दोन हातांवरच्या रवीला विचारलं.

"तेंका सांग, पेटयेक बॅटरी बसवची आसा."

"बॅटरी बसवची आसा म्हणता."

"ऐकलंय. बहिरो नाय मी. बॅटरी कित्याक ता इचार."

"मेन काढल्यार पेटी बंद पडता. ती पडाची नाय म्हणून."

"म्हणजे मी मेन काढतंय ता तेका खुपता?"

"तेका नाय हो, सगळ्या वाडयेक खुपता," काशीबाईने पदरचं घातलं. "त्या देवेशाची नोकरी गेली तुमच्या म्हावऱ्यापायी, त्या बांगड्यांपायी."

"माज्या बांगड्यांपायी?" नाना खुर्चीत सरळ झाले. "आणि मेन नाय काढलंय, आग लागली, तर कोण येतलो इजवूक? हो येतलो?"

काशीबाईने तोंड रवीकडे वळवलं, पण तिच्या मध्यस्थीची वाट न बघता तो म्हणाला, "येतलंय."

इतक्या वर्षांत भावाला थेट बोललेला हा पहिला शब्द. काशीबाईचा हात तांदळात तसाच राहिला. नानांनी मान वळवून माडाकडे बघितलं. म्हणाले, "बसव म्हणाचा."

रवी माळ्यावर चढला. डब्यावर धुळीचा कण नव्हता. दमट लागू नये म्हणून खाली यशोदावहिनींच्या जुन्या लुगड्याची घडी. वरती सुकून काळं पडलेलं झेंडूचं फूल, मागल्या खंडेनवमीला हत्यारं पुजताना ठेवलेलं. कोयता, पाटा-वरवंटा आणि धाकट्याचा डबा, असं सगळं पूजलं होतं म्हाताऱ्याने. रवीला बॅटरी जोडायला पाच मिनिटं पुरली असती. तो अर्धा तास माळ्यावर होता. आमची काशीबाई सांगते, खाली उतरला तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाला, माळ्यावर धूळ फार.

"किती येळ चलतली ती बॅटरी, इचार," नाना म्हणाले.

"एक अख्खो दिवस आणि रात," रवी अभिमानाने म्हणाला. "माज्याकडची सगळ्यात चांगली आणलंय."

तो निघाला. चार पायऱ्या उतरला असेल, तोच नाना काशीबाईला, पण मुद्दाम मोठ्याने, म्हणाले, "यंदा पण तेच्या माटवयेक प्लास्टिकचीच कवंडळां काय गो?"

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट. तिला रानातली फळं-फुलं, कांगण्या, कवंडळं, हरणांची फुलं, सुपाऱ्या, नारळ बांधायचे. नानांच्या हातची माटवी बघायला माणसं यायची. रवीच्या घरी सारिका बाजारातून प्लास्टिकची फळं आणून टांगायची, आणि वाडी त्यावर वर्षभर हसायची.

रवी थांबला. "तेंका सांग, माका बांधूक येणा नाय. शिकवणारो माणूस बोलणा नाय."

"आणि शिकणारो इचारूक येणा नाय," नाना म्हणाले, "तर शिकवणाऱ्यान काय पिशयी घेऊन तेच्या दारात जावचा?"

रवीने तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. आणि सोसायटीच्या कारकुनाचा फोन आला, प्रिंटर चालत नाही म्हणून. रवी फोन कानाला लावून खाली उतरला. चवथीच्या आधी येऊन विचारायचं, असं त्याने तेव्हाच ठरवलं. सारिकालाही सांगितलं. ती म्हणाली, "जा मा मगे. मी काय अडवतंय? दोगांचो गणपती एक करूचो आसात तरी माजी ना नाय." वाईट नव्हती हो सारिका, वाडीने उगाच तिला वाईट केली.

त्या दिवसापासून आमची वाडी थिजायची बंद झाली. नाना बाजारात कधी गेले, कधी आले, कोणाला कळेना. देवेशला दुसरी मुलाखत मिळाली, तिच्यात तो नापास झाला तो स्वतःच्या बळावर. सगळे रवीचं कौतुक करत होते. रवी मात्र आठ वाजता बशी हातात धरून बसायचा आणि फोन गप्प. फोनवर नानांच्या नावापुढे हिरवा ठिपका, दिवसरात्र हिरवा. "बरां चल्लाहा मा?" सारिकाने विचारलं. "बरां चल्लाहा," तो म्हणाला आणि चहा निवला.

रोज तो वर जायचं म्हणायचा. चवथ जवळ आली आणि चाकरमानी उतरायला लागले. प्रत्येकाला मुंबईसारखं इंटरनेट गावच्या माजघरात पाहिजे. आज ह्याच्या घरी वायर, उद्या त्याच्या. काशीबाई लेकीकडे कणकवलीला गेली. पाऊस धरून होता.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी सारिका दारात कंदील टांगत होती. तिने डोंगरीकडे बघितलं.

"ओ, नानांकडे दिवो दिसणा नाय."

रवी खाली मान घालून वायर सोलत होता. त्याने खिशातून फोन काढून बघितला. ठिपका हिरवा होता.

"आसत नाना घरात," तो म्हणाला. "पेटी चालू आसा म्हणजे मेन चालू आसा. झोपले असतले."

इतक्या वर्षांची सवय होती ती. डबा चालू म्हणजे मेन चालू, मेन चालू म्हणजे नाना घरात. मधे स्वतःच्या हाताने बॅटरी बसवली आहे, हे त्याच्या मनालाच ठाऊक नव्हतं.

"उद्या जातंय वर," तो म्हणाला. "माटवी बांधूक शिकव म्हणान सांगतंय. आपण तिगाय जावया."

दुसऱ्या दिवशी, हरतालिकेला, दुपारच्या आधी तो शाळेतल्या डब्यापाशी शिडीवर होता. फोन टुंग झाला. त्याने बघितलं: नाना डाऊन.

शाळेचा शिपाई सांगतो, रवी शिडीवरच हसला. लहान पोरासारखा. किती दिवसांनी ती घंटा वाजली होती! "नाना बाजारात गेलो," तो मोठ्याने म्हणाला. शिपायानेही मान डोलावली. मग रवीचा हसरा चेहरा हळूहळू थांबला. बॅटरी होती ना. मेन काढला तरी डबा पडणार नव्हता. एक अख्खा दिवस आणि रात्र चालणारी बॅटरी. ती संपायला मेन किती वेळ बंद असायला हवा?

तो शिडीवरून उतरला नाही, पडला म्हणा. मोटारसायकलीला किल्ली तशीच ठेवून डोंगरीच्या पायऱ्या पळत चढला.

नाना पडवीत पडले होते. मेनच्या पेटीखाली, दाराबाहेर. मेन खाली ओढलेला, दाराला कडी घालायची राहिलेली. अंगावर धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी; टोपी बाजूला गेलेली. रात्रभराचे पागोळ्यांचे शिंतोडे उडून कपडे चिंब झाले होते. पिशवी मात्र उंबऱ्याच्या आत, कोरड्यात सरकवलेली होती. पडल्यावर सरकवलेली. हात अजून तिच्या दिशेने होता.

आत माजघरात नानांची स्वतःची माटवी बांधून तयार टांगलेली होती, नेहमीसारखी भरगच्च. पिशवीत दुसरीचं सामान होतं. कवंडळं, कांगण्यांचे घोस, हरणांच्या फुलांची जुडी पानात गुंडाळलेली, सोलून शेंडी ठेवलेला नारळ, आणि बांधायला केळीच्या खांबाचे सोप भिजवून काढलेले दोर. शिकणारा विचारायला आला नव्हता, म्हणून शिकवणारा पिशवी घेऊन निघाला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. रवीने विचारलं, लगेच? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. पण पिशवी रवीने बघितली होती. ती ओढायला लागलेला वेळ त्याने बघितला होता. पूर्वीसारखं असतं तर मेन पडल्या क्षणी खाली घंटा वाजली असती, आणि तासाभरात दुसरी वाजली नाही म्हटल्यावर तो चहा टाकून वर आला असता. वाडीत सगळ्यांना हे कळलं होतं. पण बोलायला पटाईत असलेली आमची वाडी, तिनेही तेवढं तोंड आवरलं. देवेशची आई मात्र स्मशानातून माणसं परतली तेव्हा रवीच्या दारात आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी चवथ. घराघरात आरत्या. गणपती बनवणाऱ्याच्या शाळेत, म्हणजे कारखान्यात, सगळे पाट रिकामे झाले, दोन सोडून. पाटावर नाव घालून आधीच देऊन ठेवायचा, ही आमची रीत. एका पाटावर नानांचं नाव, एकावर रवीचं. दोन्ही मूर्ती रंगवून तयार, वर्तमानपत्र पांघरून शेजारी शेजारी बसलेल्या. सुतक लागलं होतं. गणपती वेगळा करता आला होता. सुतक वेगळं करायला कोणाला जमतं? दोन्ही घरं अंधारात होती. तन्वीने बापाला विचारलं, "बाबा, नानांची माटवी काडूची?" रवी म्हणाला, "रवांदे."

ती कवंडळं तिथेच सुकली.

दिवस झाल्यावर रवी एकदा माळ्यावर चढला. बॅटरी काढून खाली आणली आणि भंगारात दिली. चांगली होती, शाळेला देता आली असती, असं शिपाई म्हणाला, तर रवीने त्याच्याकडे असं बघितलं की तो शाळेकडे चालू लागला. मग ऑफिसात बसून त्याने त्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या, उलट. सगळ्यात लहान आकडा नानांच्या डब्याला. आता जुना म्हणून आपसूक नव्हे, हाताने दिलेला मान.

आता तो रोज सकाळी वर जातो. मेन वर करतो, देवाजवळ दिवा लावतो, झाडलोट करतो, डब्यावरून फडकं फिरवतो, थोडा वेळ त्या खुर्चीसमोर पायरीवर बसतो. काय बोलतो ते काशीबाईलाही ऐकू येत नाही, म्हणजे तो खरंच हळू बोलत असणार. निघताना मेन खाली ओढतो आणि कडी घालतो.

त्यामुळे आमची वाडी रोज दोनदा पुन्हा थिजते. हे वागणं धंद्याला बरं नाही, हे रवीला कळतं. पण तक्रार घेऊन एकही माणूस त्या ऑफिसात गेलेला नाही, देवेशची आईसुद्धा नाही. परवा सोसायटीत नवीन बदलून आलेला साहेब भडकला. माऊस आपटून म्हणाला, हे रोज ह्याच वेळेला बंद का पडतं, कोणाला विचारायचं?

जुन्या कारकुनाने चष्मा काढून पुसला.

"पडांदे सायबानू," तो म्हणाला. "नाना बाजारात गेलो."